डेस्डिमोनेचा हातरुमाल

एका हातरुमालापायी एका निरपराध स्त्रीचा प्राण जातो, असे कुणी नुसते सांगितले तर ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसणार नाही. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' या शोकांतिकेत मात्र नेमके हेच घडते. १६०४ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस हे नाटक लंडनमध्ये राजा पहिला जेम्स याच्या दरबारी झाल्याची नोंद आहे. तेव्हापासून चारशेहून अधिक वर्षे प्रेक्षक ते पाहून हळहळत आले आहेत, आणि काही जण चिडतही आले आहेत. १६९३ साली टॉमस रायमर या इंग्रज टीकाकाराने या नाटकाची यथेच्छ टवाळी केली. एवढ्याशा रुमालावरून एवढा आकांत कशासाठी, त्यापेक्षा नाटकाला रुमालाचेच नाव का देऊ नये, असा त्याचा सवाल होता. फ्रान्समध्ये तर हातरुमालासारखी घरगुती वस्तू शोकांतिकेच्या भारदस्त रंगभूमीवर आणणेच अप्रशस्त वाटे. १७९२ साली ड्युसी याने केलेल्या रूपांतरात रुमालाची जागा हिऱ्यांच्या शिरोभूषणाने घेतली. आणि १८२९ साली कवी आल्फ्रेड द व्हिन्यी याने आपल्या भाषांतरात रुमालाला रुमाल म्हटले, तेव्हा त्या एका शब्दावरून पॅरिसच्या प्रेक्षागृहात गलबला झाला.

रायमरचा निष्कर्ष आज कुणी मान्य करीत नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न निरर्थक नव्हता. इतकी क्षुल्लक वस्तू इतक्या मोठ्या अनर्थाचे कारण का व्हावी? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास नाटकातील पात्रे तर उलगडतातच; शिवाय साहित्यातील प्रतीकांचा अर्थ कसा लावावा आणि कसा लावू नये, याचाही एक धडा हाती लागतो.

मराठी वाचकाला ही कथा परकी नाही. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ साली हे नाटक मराठीत आणले. पुढे 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० च्या सुमारास 'झुंझारराव' या नावाने त्याला मराठी वेष चढविला, आणि डेस्डिमोनेची कमळजा झाली. मराठी प्रेक्षकांच्या पिढ्यांनी या कमळजेसाठी अश्रू ढाळले आहेत. तरीही मूळ कथेची उजळणी थोडक्यात करणे इष्ट ठरेल.

ऑथेल्लो हा व्हेनिसच्या गणराज्याच्या सेवेतील मूर सेनापती. वर्णाने काळा, वयाने प्रौढ, रणांगणावर उभे आयुष्य घालविलेला आणि त्या शहराला परका. ब्रॅबॅन्शियो या सरदाराची कन्या डेस्डिमोना त्याच्यावर अनुरक्त होते आणि वडिलांच्या नकळत त्याच्याशी विवाह करते. ऑथेल्लोने आपला दुय्यम अधिकारी म्हणून कॅसिओ याची निवड केलेली असते. त्यामुळे डावलला गेलेला इयागो मनात डूख धरतो. कॅसिओ आणि डेस्डिमोना यांचा अनुचित संबंध आहे, असा संशय तो सेनापतीच्या मनात थेंबाथेंबाने घालीत जातो. सेनापती पुरावा मागतो. तेव्हा हा हातरुमाल कामी येतो.

हा रुमाल ऑथेल्लोने पत्नीला दिलेली पहिली भेट. त्यावर स्ट्रॉबेरीची लाल फळे भरतकामाने काढलेली आहेत. डेस्डिमोना तो क्षणभरही दूर ठेवीत नाही. एकटी असली म्हणजे त्याच्याशी बोलते, त्याचे चुंबन घेते. नाटकाच्या तिसऱ्या अंकात पतीचे डोके दुखते म्हणून ती हाच रुमाल त्याच्या कपाळाला बांधू लागते. संशयाने आधीच बेचैन झालेला पती तो फार लहान असल्याचे सांगून बाजूला सारतो, रुमाल जमिनीवर पडतो, आणि तो राहू दे, असे ऑथेल्लो स्वतःच म्हणतो. ही गोष्ट प्रेक्षकाने ध्यानात ठेवावयास हवी. ज्या रुमालाचा जाब पुढे पत्नीला विचारला जातो, तो तिने टाकलेला नाही. पतीच्या वेदनेने व्याकूळ झालेल्या स्त्रीच्या हातून तो गळला आहे, आणि तो उचलू न देणारा स्वतः पतीच आहे.

येथून त्या रुमालाचा प्रवास सुरू होतो. डेस्डिमोनेची सखी आणि इयागोची पत्नी एमिलिया तो उचलते. हा रुमाल चोरून आण, म्हणून नवऱ्याने तिच्यामागे कितीतरी वेळा लकडा लावलेला असतो. त्याची मर्जी राखण्यासाठी ती तो त्याला देऊन टाकते. इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. कॅसिओला त्यावरील नक्षी आवडते. तसेच काम दुसऱ्या कापडावर उतरवून दे, म्हणून तो रुमाल बियांका नावाच्या आपल्या प्रेयसीच्या हवाली करतो. बियांकेला वाटते, ही कुणा दुसऱ्या स्त्रीची भेट असली पाहिजे. ती संतापून तो कॅसिओच्या अंगावर फेकते, आणि आडून पाहणारा ऑथेल्लो नेमका तोच क्षण पाहतो.

एकच रुमाल, पण प्रत्येकाच्या हातात त्याचा अर्थ निराळा. डेस्डिमोनेला ते प्रेम आहे. एमिलियेला ती रुसलेल्या नवऱ्याला खूश करण्याची संधी आहे. इयागोला ते हत्यार आहे. कॅसिओला ते केवळ सुबक भरतकाम आहे. बियांकेला ती सवत आहे. आणि ऑथेल्लोला तो व्यभिचाराचा पुरावा आहे. रुमाल मात्र जसा होता तसाच आहे; त्याच्यावर एक टाकाही वाढलेला नाही वा कमी झालेला नाही. ज्याच्या मनात जे असेल ते त्याला त्या कापडावर दिसते. शेक्सपिअरने हिऱ्यांच्या दागिन्याऐवजी रुमाल घेतला, याचे मर्म येथे आहे. दागिन्याला स्वतःचे मोल असते. रुमालाला माणसे देतील तेवढेच मोल. तो जितका क्षुल्लक, तितके त्याच्यावर लादलेल्या अर्थाचे ओझे अधिक उघडे पडते.

या रुमालाचा प्रतीकात्मक अर्थ अनेक अभ्यासकांनी सांगितला आहे. पांढऱ्या वस्त्रावरील लाल फळे ही विवाहशय्येची आणि कौमार्याची खूण होय, असे एक मत बरेच प्रसिद्ध आहे. २०१३ साली इअन स्मिथ या अभ्यासकाने निराळाच मुद्दा मांडला. हा रुमाल पांढरा असल्याचे नाटकात कोठेही म्हटलेले नाही; उलट तो ममीपासून काढलेल्या रंगात रंगविल्याचे ऑथेल्लो सांगतो; तेव्हा तो काळा असला पाहिजे, आणि डेस्डिमोनेच्या हाती तो काळ्या पतीचेच प्रतीक ठरतो, असे त्याचे म्हणणे. चारशे वर्षे सर्वांनी गृहीत धरलेला पांढरा रंग संहितेत नव्हताच! म्हणजे ऑथेल्लोने जे केले, ते थोड्याफार प्रमाणात वाचकांनीही केले. जे समोर नव्हते ते पाहिले.

खुद्द ऑथेल्लोही रुमालाविषयी एकच गोष्ट सांगत नाही. तिसऱ्या अंकात तो पत्नीला सांगतो की, एका इजिप्शियन मांत्रिक स्त्रीने तो त्याच्या आईला दिला. दोनशे वर्षे वयाच्या भविष्यवादिनीने तो विणला. तो जपून ठेवला तोवर आईचे पतीवर राज्य चालेल आणि हरवला तर पतीचे मन उडेल, असा त्याचा प्रभाव आहे. शेवटच्या अंकात मात्र, पत्नीचा वध केल्यानंतर, तोच माणूस म्हणतो की, तो रुमाल वडिलांनी आईला दिला होता. जादू नाही, मांत्रिक नाही. नवऱ्याने बायकोला दिलेली एक जुनी भेट! पहिली कथा त्याने पत्नीला धाक घालण्यासाठी रचली होती काय? नाटककार निवाडा देत नाही. परंतु त्या कथेचा परिणाम काय झाला, हे मात्र तो स्पष्ट दाखवितो. ती भयंकर कथा ऐकून डेस्डिमोना घाबरते, आणि रुमाल हरवलेला नाही असे सांगून जाते. तिच्या तोंडून निघालेले हे एवढेसे असत्य पतीच्या डोळ्यांत महापापाची कबुली ठरते. ज्या भयाने तिला खोटे बोलावयास लावले, ते भय त्याने स्वतःच निर्माण केले होते, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

इयागोच्या हुद्द्याकडेही लक्ष देण्याजोगे आहे. तो सैन्यातील निशाणबरदार आहे. सेनापतीचे निशाण धरणे हे त्याचे काम. आणि त्याच्या हातात पडलेली डेस्डिमोनेची निशाणी घेऊन तो तिचा सत्यानाश करतो. आरंभीच तो कबूल करतो की, आपण प्रेमाचे निशाण दाखवितो खरे, पण ते नुसते निशाण आहे. खुणा निराळ्या आणि वस्तुस्थिती निराळी, ही त्याची विद्या आहे. तो सहसा सरळ आरोप करीत नाही. तो थबकतो, अर्धे वाक्य सोडतो, सेनापतीचाच शब्द प्रश्नार्थक स्वरात परत उच्चारतो, आणि संशयापासून सावध राहण्याचा उपदेशही करतो. रिकाम्या जागा तो निर्माण करतो; त्या भरण्याचे काम ऑथेल्लो करतो.

ऑथेल्लो हा मूळचा संशयी मनुष्य नव्हे. तसा असता तर ही शोकांतिका उभीच राहिली नसती. तो उदार आहे, सरळ आहे. आणि म्हणूनच माणूस दिसतो तसा असतो, असे मानणारा आहे. त्याचे मर्मस्थान निराळे आहे. तो परमुलखात मानाने राहतो, पण तेथील घरांतील रीतभात त्याला ठाऊक नाही. व्हेनिसच्या स्त्रिया नवऱ्यापासून काय लपवितात, हे आपण तेथलेच असल्यामुळे जाणतो, असे इयागो सांगतो, तेव्हा ऑथेल्लोजवळ त्यावर उत्तर नसते. आपण काळे, आपले बोलणे दरबारी नव्हे, आपले वय उतरणीला लागलेले. मग हिने आपल्याला का वरावे? हा प्रश्न त्याच्या मनात उठतो आणि त्याचे उत्तर तो पत्नीला न विचारता इयागोला विचारतो. परक्या गावात ज्याला वाटाड्या धरावे तोच आडरानात नेणारा निघावा, तशी त्याची गत होते.

या ठिकाणी नाटकाचा पहिला अंक आठवावा. तेथे एक चौकशी झालेली आहे. मध्यरात्री राजसभा भरली आहे. तुर्कांचे आरमार सायप्रसवर येत असल्याची वार्ता आली आहे. अशा घाईच्या वेळी ब्रॅबॅन्शियो तक्रार घेऊन येतो. या मूराने जादूटोणा करून आपली मुलगी पळविली, असे त्याचे म्हणणे. तेव्हा व्हेनिसचा अधिपती त्याला बजावतो की, नुसते म्हणणे म्हणजे पुरावा नव्हे. ऑथेल्लोला बोलू दिले जाते. आणि तो एकच मागणी करतो, डेस्डिमोनेला येथे बोलावून घ्या आणि तिलाच विचारा. ती येते. भर सभेत, वडिलांसमोर, स्वच्छ शब्दांत आपण स्वेच्छेने विवाह केल्याचे सांगते. आरोप तत्क्षणी कोसळतो. तिची साक्ष ऐकली गेली म्हणून ऑथेल्लोची अब्रू वाचते.

पुढील अंकांत हाच ऑथेल्लो न्यायासनावर बसतो, आणि ज्या न्यायाने तो वाचला तो न्याय पत्नीला देत नाही. कॅसिओला तो समोरासमोर विचारीत नाही. आडून त्याचे हसणे पाहतो. कॅसिओ हसत असतो बियांकेच्या गोष्टीवरून. शब्द कानी न पडल्यामुळे ऑथेल्लो ते हसणे आपल्या पत्नीविषयीचे समजतो. रुमाल डोळ्यांदेखत फेकला जातो, तरी तो माझाच होता काय, हे त्याला इयागोला विचारावे लागते! एमिलिया आपल्या मालकिणीच्या शुद्धतेची ग्वाही देते. ती तो उडवून लावतो. अखेर शयनगृहात डेस्डिमोना विनविते की, त्या माणसाला बोलावून घ्या आणि विचारा. पहिल्या अंकातील ऑथेल्लोची मागणी हीच होती. पण आता ती मान्य करणारा कुणी नाही. रुमालाची साक्ष झालेली आहे, माणसाची साक्ष घेतली जात नाही. नाटकाचा सारा अर्थ या दोन प्रसंगांतील अंतरात सामावलेला आहे. मत्सर हे या शोकांतिकेचे कारण खरे. पण त्या मत्सराची कृती कोणती? खूण माणसाच्या जागी बसविणे, आणि माणसाचे तोंड बंद करणे.

संस्कृत नाटकाच्या वाचकाला येथे कालिदासाची शकुंतला आठवल्यावाचून राहणार नाही. महाभारतातील मूळ आख्यानात अंगठी नाही. तेथे आकाशवाणी झाल्यावर राजा तिचा स्वीकार करतो. कालिदासाच्या नाटकात ऋषीच्या शापाने राजाची स्मृती जाते. शकुंतला प्रत्यक्ष त्याच्यासमोर उभी असते, बोलत असते, आणि तिच्या बोटात अंगठी नसते. जिवंत स्त्रीचा शब्द अपुरा पडतो आणि हरवलेली अंगठी सापडेपर्यंत सत्य लटकत राहते. दोन्ही नाटकांतील स्त्रियांवर ओढवणारे संकट एकाच जातीचे आहे. अंतर एवढेच की, दुष्यंताला शापाची सबब आहे आणि पश्चात्तापानंतर पुनर्मीलनाची संधी आहे. ऑथेल्लोला शाप कुणी दिलेला नाही. आणि त्याचे डोळे उघडतात ते पत्नीच्या शवाशेजारी.

ते डोळे उघडणारी व्यक्ती कोण? एमिलिया. या पात्राकडे पुष्कळदा दुय्यम म्हणून पाहिले जाते. परंतु शेक्सपिअरने मूळ कथेत जो बदल केला तो पाहिला म्हणजे तिचे महत्त्व कळते. १५६५ साली प्रसिद्ध झालेल्या जिराल्डी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या कथासंग्रहातून त्याने ही कथा घेतली. त्या कथेत निशाणबरदार स्वतःच रुमाल चोरतो. त्याची लहान मुलगी डेस्डिमोनेच्या कडेवर असते. लेकराचे लाड चाललेले असताना तो तिच्या कमरेचा रुमाल लांबवितो. त्याच्या पत्नीला नवऱ्याचे बेत ठाऊक असतात. पण त्याच्या भीतीने ती शेवटपर्यंत उघडपणे बोलत नाही. शेक्सपिअरने रुमाल त्या पत्नीच्या हातून नेला. म्हणजे तिला अपराधात भागीदार केले. आणि मग तिला बोलावयास लावले.

एमिलियेचा दोष लहान नाही. मालकीण रुमाल शोधीत असता, मला ठाऊक नाही, असे ती धडधडीत सांगते. नवऱ्याच्या मर्जीपुढे तिने सत्य गिळलेले असते. जगातील पुष्कळसे अनर्थ इयागोसारख्या दुष्टांच्या दुष्टपणाइतकेच अशा साध्या, मायाळू माणसांच्या मौनावर पोसलेले असतात. पण शेवटच्या अंकात रुमालाचे नाव निघताच तिला सारे उमगते. नवरा तलवार उपसून उभा आहे, घरी जा म्हणून हुकूम सोडतो आहे. नवऱ्याचे ऐकणे हा आपला धर्म खरा, पण या घटकेला नाही, असे सांगून ती बोलते. तो रुमाल मला सापडला आणि मी तो नवऱ्याला दिला, एवढीच तिची साक्ष. त्यात मांत्रिक नाही, सवत नाही, व्यभिचार नाही. रुमालाविषयी साऱ्या नाटकात उच्चारलेले हे सर्वांत साधे वाक्य, आणि तेच निर्णायक सत्य. या साक्षीची किंमत ती प्राणाने देते. इयागो तिला भोसकतो. मला माझ्या मालकिणीशेजारी निजवा, एवढेच ती मागते. आणि चमत्कार असा की, ज्याने शब्दांच्या बळावर सर्वांना खेळविले, तो इयागो त्यानंतर यापुढे एक शब्दही बोलणार नाही, असे सांगून मुका होतो. गप्प बसणारी बोलली, तेव्हा बोलणारा गप्प झाला.

अभिजात साहित्याचा अर्थ लावताना वाचक प्रतीकांच्या मागे लागतो, आणि ते योग्यच आहे. मोठा कवी एखादी अंगठी, एखादा दिवा, एखादा रुमाल उगाच आणीत नाही. पण प्रतीकाचा अर्थ लावण्यापूर्वी ती वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, कुणी तिच्याविषयी काय सांगितले आणि का सांगितले, हे तपासावे लागते. पात्रांना बोलू द्यावे लागते. संहितेत जे आहे ते पाहण्याआधीच मनात असलेला अर्थ तिच्यावर लादणारा वाचक ऑथेल्लोच्याच मार्गाने जात असतो. त्याच्या हातून कुणाचा प्राण जात नाही, एवढेच समाधान.

ग्रंथाबाहेर मात्र तेवढेही समाधान नसते. घरोघरी, कचेऱ्यांत, शाळांत, शेजारीपाजारी असे रुमाल रोज सापडत असतात. एखादे पत्र, एखादे छायाचित्र, भिंतीआडून ऐकलेले अर्धे वाक्य, कुणाच्या चेहऱ्यावरचे न कळलेले हसू. त्यांचा अर्थ सांगणारा कुणी हितचिंतकही बहुधा जवळच उभा असतो. अशा वेळी व्हेनिसच्या राजसभेत मध्यरात्री उच्चारलेली ती साधी मागणी आठवावी. जिच्याविषयी बोलणे चालले आहे तिला बोलावून घ्या, आणि तिलाच विचारा. ऑथेल्लोने ही मागणी एकदा केली आणि तो वाचला. दुसऱ्यांदा ती त्याच्याकडे आली तेव्हा त्याने ती नाकारली, आणि सर्वस्व गमावून बसला.